गोठलेल्या व्हीएमला बाहेरून टोचणी: केव्हीएमच्या इंजेक्ट-एनएमआयचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचापैकी चार. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही ते इथूनच सटकू शकतात, पण मग एक तारा कुठे गेला ते कळणार नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

रिव्ह्यू कशाचा, तर केव्हीएम आणि क्यूईएमयूवर (लिनक्सवर व्हीएम चालवणारी जोडी) चालणाऱ्या व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, बाहेरून नॉन-मास्केबल इंटरप्ट म्हणजे एनएमआय (सीपीयूला कानाआड करता न येणारी हाक) मारायची जी सोय आहे तिचा. खालचं खरं मशीन म्हणजे होस्ट, त्यावर चालणारं व्हीएम म्हणजे गेस्ट. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळायचं टूलकिट) वापरत असाल तर कमांड आहे व्हर्श इंजेक्ट-एनएमआय, पुढे डोमेनचं म्हणजे व्हीएमचं नाव, बास. थेट क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये बसला असाल तर नुसतं एनएमआय टाइप करून एंटर, आणि प्रॉक्समॉक्सवाल्यांनी क्यूएम मॉनिटर उघडून तिथे तेच टाइप करायचं. फुकट आहे, होस्टवर वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, वर्षानुवर्षं आहे, आणि तरीसुद्धा व्हीएम सांभाळणारी बरीच मंडळी याच्या वाटेला जात नाहीत, व्हीएम अडकलं की हात सरळ रीसेटवर जातो.

तो प्रसंग सगळ्यांना माहितीये. पिंग नाही, एसएसएच नाही, कन्सोल उघडला तर लॉगिन प्रॉम्प्ट दिसतोय पण की दाबली तर काही होत नाही, आणि होस्टवर टॉप लावून बघितलं तर त्या व्हीएमचा एक व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) मस्त शंभर टक्क्यांवर फिरतोय. रीसेट मारलं की दोन मिनिटांत सगळं सुरू, फोन थांबतात, लोक खूश. पण रीसेट मारणं म्हणजे चोरी झालेल्या घरात पोलिस यायच्या आधीच झाडून पुसून घेणं. मेमरीत जे काही होतं, कोणता थ्रेड कुठल्या लॉकवर अडकला होता, कुठला ड्रायव्हर गोल गोल फिरत होता, सगळं गेलं. मग पुढच्या आठवड्यात परत तेच, आणि मीटिंगमध्ये रूट कॉज काय असं कोणी विचारलं की सगळे म्यूट.

एनएमआय इथे का चालतो आणि बाकी काही का चालत नाही, तर इंटरप्ट म्हणजे सीपीयूला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, आणि साधे इंटरप्ट कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) बंद करता येतात. कर्नल कोडमध्ये इंटरप्ट बंद करून स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागेवर फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) मागितलाय आणि तो लॉक कधी मिळतच नाहीये, अशा वेळी टायमर नाही, कीबोर्ड नाही, नेटवर्क नाही, मॅजिक सिसआरक्यू (कीबोर्डवरून कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) पण नाही, त्या सीपीयूच्या दारावर कितीही वाजवा, आत ऐकू जात नाही. एनएमआय मात्र इंटरप्ट बंद करणाऱ्या फ्लॅगला जुमानत नाही. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) त्याचा व्हेक्टर नंबर २ ठरलेला आहे, तो आला की सीपीयू हातातलं टाकून एनएमआय हँडलरमध्ये जातो, आणि जाताना आपण कुठल्या इन्स्ट्रक्शनवर होतो ते स्टॅकवर ठेवून जातो. आपल्याला नेमकं तेच पाहिजे असतं. खऱ्या सर्व्हरवर यासाठी पुढच्या पॅनेलवर छोटं बटण असतं, किंवा सर्व्हरला दुरून हुकूम देणाऱ्या आयपीएमआयटूलने चॅसिस पॉवर डायग पाठवता येतं. व्हीएमला पॅनेल कुठलं, म्हणून ही कमांड.

(एक गैरसमज इथेच काढून टाकू. होस्टच्या पॅनेलवरचं बटण दाबलं तर एनएमआय आतल्या व्हीएमला जातो असं काहींना वाटतं. नाही जात. फिजिकल सीपीयूवर गेस्ट चालू असताना एनएमआय आला तर सीपीयू गेस्टमधून बाहेर पडतो आणि तो एनएमआय होस्टचं कर्नल हँडल करतं, गेस्टला पत्ताही नसतो. म्हणजे एका व्हीएमसाठी ते बटण दाबाल आणि होस्ट पॅनिक झाला, म्हणजे त्याच्या कर्नलनेच हात टेकले, तर सगळी व्हीएम जमिनीवर. ते बटण होस्टसाठीच आहे.)

आता तक्रार. एक ताजं लिनक्स गेस्ट घ्या, काहीही सेटिंग न करता, आणि त्याला इंजेक्ट-एनएमआय मारा. काय होतं? लॉगमध्ये ओळी येतात: "अहह. एनएमआय रिसीव्ह्ड फॉर अननोन रीझन" अमुक "ऑन सीपीयू झीरो", आणि खाली तो प्रसिद्ध डायलॉग, "डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्राइंग टू कंटिन्यू". आणि खरंच कंटिन्यू करतं! म्हणजे मशीन अडकलेलं होतं ते पुन्हा त्याच जागी जाऊन अडकतं. लॉगची ओळ डिस्कवर पोचतच नाही कारण मशीन गोठलंय, सिरियल कन्सोल लावला असेल तर तिथे दिसली तर दिसली. पहिल्यांदा वापरणारा म्हणतो फीचर बंडल आहे. फीचर व्यवस्थित आहे, कर्नलला या एनएमआयचं काय करायचं ते कोणी सांगितलेलंच नाहीये.

का सांगावं लागतं तेही बघा. एनएमआय एकाच कामासाठी येत नाही. परफचे (कामगिरी मोजणाऱ्या टूलचे) काउंटर ओव्हरफ्लो झाले की एनएमआय, एका सीपीयूला दुसऱ्याचा बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे आला त्याचा माग) हवा असला की एनएमआय, मेमरी पॅरिटी किंवा पीसीआय बसची एरर आली की एनएमआय, आणि सगळे येतात एकाच व्हेक्टरवर. म्हणून कर्नल आधी नोंदणी केलेल्या प्रत्येक हँडलरला विचारतं की बाबा हा तुझा का, सगळे नाही म्हणाले की मग पोर्ट ६१ (हेक्समधला) वाचून बघतं की हार्डवेअरची एरर आहे का. बाहेरून टोचलेल्या एनएमआयला यातला कोणीच वाली नसतो, म्हणून तो अननोन. आणि त्या मेसेजमध्ये रीझन म्हणून जो आकडा छापतात तो त्याच पोर्टचा आहे, त्यातले वरचे दोन बिट तेवढे कामाचे, बाकीचे जुन्या पीसीच्या टायमर आणि स्पीकरचे वगैरे. त्यामुळे तो आकडा घेऊन सर्च करत बसू नका, लोक तासन्‌तास घालवतात त्यात.

तर करायचं काय: गेस्टमध्ये सिसकटलने (कर्नलची सेटिंग बदलायची कमांड) कर्नल डॉट अननोन-एनएमआय-पॅनिक (मधे अंडरस्कोर) ला १ करायचं आणि ते सिसकटलच्या फाइलमध्ये कायमचं टाकायचं, म्हणजे रिबूटनंतर पण राहील. बूट लाइनवर पण देता येतं. शेजारी दोन भावंडं आहेत, पॅनिक-ऑन-आयओ-एनएमआय आणि पॅनिक-ऑन-अनरिकव्हर्ड-एनएमआय, नावं सारखी वाटतात म्हणून लोक यातलं एक लावून मोकळे होतात; आयओवालं इथे कामाचं नाही, अनरिकव्हर्डवालं अननोन एनएमआयवर पण पॅनिक करतं, पण नेमकं याच कामाचं ते अननोन-एनएमआय-पॅनिक. आणि नुसतं पॅनिक होऊन उपयोग नाही, केडम्प (पॅनिक झाल्यावर मेमरीचा डम्प म्हणजे नक्कल घेणारी सोय) चालू पाहिजे, म्हणजे बूट लाइनवर क्रॅशकर्नलसाठी मेमरी राखून ठेवलेली पाहिजे आणि सर्व्हिस चालू पाहिजे. मग एनएमआय आला की पॅनिक, पॅनिक झालं की राखीव मेमरीतलं छोटं कर्नल उठतं, जुन्या कर्नलची मेमरी व्हीएमकोअर फाइलमध्ये लिहितं, बहुतेक डिस्ट्रोंमध्ये ती व्हारच्या खाली क्रॅश फोल्डरमध्ये पडते, आणि मशीन रिबूट. नंतर सावकाश चहा घेत क्रॅश टूलने उघडायची, बीटी (बॅकट्रेस) टाइप करायचं आणि तो स्पिनलॉक समोर.

हे सगळं व्हीएम अडकायच्या आधी करून ठेवायचं असतं, अडकल्यावर आत शिरताच येत नाही. एक तारा कापलाय तो यासाठी. हे म्हणजे केव्हीएमचा दोष नाही म्हणा, लिनक्सच्या डिफॉल्टचा आहे, पण वापरणाऱ्याला जे मिळतं ते एकत्रच मिळतं ना.

अननोन-एनएमआय-पॅनिक लावायला एक पथ्य मात्र आहे. गेस्टमध्ये परफ जोरात चालवत असाल, म्हणजे व्हर्च्युअल पीएमयू (परफला काउंटर पुरवणारा भाग) दिलाय आणि प्रोफाइलिंग सतत चालू आहे, तर एखाद वेळी कुठल्याच काउंटरने हक्क न सांगितलेला बेवारस एनएमआय येऊ शकतो. कर्नल असे पाठोपाठ येणारे ओळखून गिळायचा प्रयत्न करतं, तरी एखादा सुटला तर चालतं मशीन पॅनिक. प्रोफाइलिंगच्या मशीनवर जरा विचार करून लावा, साध्या डेटाबेस किंवा वेब सर्व्हरवर बिनधास्त.

विंडोज गेस्टच्या बाबतीत उलट, तिथे बॉक्समधून काढल्या काढल्या चालतं. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून पुढे एनएमआय आला की सरळ निळी स्क्रीन, बगचेक ८० (हेक्स), एनएमआय हार्डवेअर फेल्युअर, आणि डम्प. त्याच्या आधीच्या आवृत्त्यांना रजिस्ट्रीत क्रॅशकंट्रोलखाली एनएमआय-क्रॅशडम्प नावाची व्हॅल्यू १ करावी लागायची. फक्त पूर्ण मेमरी डम्प हवा असेल तर पेजफाइल तेवढी मोठी पाहिजे. स्क्रीनवर हार्डवेअर फेल्युअर असं वाचून क्लायंट घाबरतो, त्याला आधी फोन करून ठेवा.

आता परत लिनक्सकडे, कारण इथे एक बारकी गंमत आहे जी मला खूप आवडली. आठ व्हीसीपीयूचं व्हीएम आहे, तुम्ही एनएमआय टोचला, तो कोणाला जातो? क्यूईएमयू एक्स८६ वर प्रत्येक सीपीयूच्या लोकल एपिकच्या (सीपीयूपर्यंत इंटरप्ट पोचवणाऱ्या भागाच्या) लिंट१ नावाच्या पायावर तो देतं, पण तो पाय एनएमआयसाठी उघडा ठेवायचा की नाही हे गेस्ट ठरवतं, आणि लिनक्स तो फक्त बूट सीपीयूवर उघडा ठेवतं. म्हणजे जातो सीपीयू शून्यला. अडकलाय सीपीयू पाच, मग काय फायदा? फायदा आहे, कारण सीपीयू शून्य पॅनिक झाला की केडम्पच्या वाटेवर तो स्वतःच बाकीच्या सगळ्यांना एनएमआय पाठवून थांबवतो आणि त्यांचे रजिस्टर जपून ठेवतो. सीपीयू पाच इंटरप्ट बंद करून बसला असला तरी या एनएमआयपुढे त्याचं काही चालत नाही. व्हीएमकोअरमध्ये सगळे सापडतात.

हे वागणं बदलायचं असेल तर बूट लाइनवर एपिक-एक्स्टएनएमआय नावाचं पॅरामीटर आहे, बीएसपी (फक्त बूट सीपीयू), ऑल किंवा नन. ऑल म्हणजे सगळ्या सीपीयूंना, सीपीयू शून्यच गाळात गेला तर उपयोगी. आणि नन बघून पहिल्यांदा वाटतं की हे कोणाला पाहिजे असेल? तर ते डम्प घेणाऱ्या कर्नलसाठी आहे. समजा तुम्ही एनएमआय मारला, आत डम्प लिहिणं सुरू झालंय, मोठी मेमरी आहे म्हणून वेळ लागतोय, आणि तिकडे उतावळा सहकारी म्हणतो काही होत नाहीये परत मारू, आणि मारतो. गेलं ना डम्प घेणारं कर्नलच! म्हणून केडम्पच्या कॉन्फिगमध्ये, दुसऱ्या कर्नलला जी जादाची लाइन देतात तिथे, एपिक-एक्स्टएनएमआय बरोबर नन टाकून ठेवा. मॅन्युअलमध्ये आहे, पण वाचतो कोण.

यातून एक उणीव निघते: पोचपावती नाही. गेस्टने लिंट१ बंद ठेवला असेल तर क्यूईएमयू तो एनएमआय चुपचाप टाकून देतं, आणि होस्टवर कमांड मात्र काही न बोलता यशस्वी परत येते. पोचला का, कोणी घेतला का, काही कळायला मार्ग नाही. म्हणून चांगल्या दिवसात एकदा टेस्ट व्हीएमवर, पॅनिक न लावता, मारून बघायचं आणि आत प्रॉक-इंटरप्ट्समध्ये एनएमआयच्या ओळीत सीपीयू शून्यचा आकडा वाढला का ते पाहायचं (परफ किंवा एनएमआय वॉचडॉग चालू असेल तर तो आपोआप पण वाढत असतो, तेवढं लक्षात ठेवा).

आतल्या बांधणीबद्दल थोडं, कारण चार तारे त्याच्यामुळे आहेत. एनएमआयचा नियम असा की एक हँडल होत असताना दुसरा आत येत नाही, आयरेट (हँडलरमधून परतायची) इन्स्ट्रक्शन होईपर्यंत दार बंद, तोवर एकच जण बाहेर थांबू शकतो, त्याच्या मागचे हरवले. खऱ्या सीपीयूवर हे सिलिकॉन सांभाळतं, व्हीएममध्ये हा सगळा देखावा हायपरव्हायझरला (व्हीएम चालवणाऱ्या थराला, इथे केव्हीएमला) हुबेहूब उभा करावा लागतो. केव्हीएम तो नीट उभा करतं, एक चालू आणि एक रांगेत एवढंच, वर कितीही टोचा, म्हणजे घाबरून दहा वेळा एंटर मारलात तर दहा एनएमआय जात नाहीत. इंटेलच्या व्हीटी-एक्समध्ये (व्हीएमसाठी प्रोसेसरमधलीच सोय) यासाठी चांगली सोय आहे, एनएमआय एक्झिटिंग, व्हर्च्युअल एनएमआय, आणि गेस्टचं दार उघडलं की कळवणारं एनएमआय-विंडो एक्झिटिंग. गेस्टचं दार बंद आहे का याचा एक बिटच ठेवलाय कंट्रोल स्ट्रक्चरमध्ये. सगळ्यात पहिल्या पिढीतल्या काही प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल एनएमआय नव्हतं, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरचा जुगाड होता.

एएमडीवर मात्र बरीच वर्षं कसरत होती. तिथे एनएमआय-विंडो नावाचा प्रकारच नाही. मग केव्हीएम काय करायचं, गेस्टने आयरेट मारला की अडवायचं, पण अडवणूक होते आयरेट पूर्ण व्हायच्या आधी, आणि दार उघडतं झाल्यानंतर, म्हणून मग ट्रॅप फ्लॅग लावून गेस्टला एकच पाऊल चालवायचं, ते झालं की परत पकडायचं आणि आता पुढचा एनएमआय द्यायचा. वाचून दमलात ना, तेच. झेन ४ प्रोसेसरपासून एएमडीने हार्डवेअरमध्येच व्हीएनएमआय दिलं आणि लिनक्स ६.४ मध्ये, २०२३ साली, केव्हीएमने ते वापरायला घेतलं. रांगेत आहे का, आत चालू आहे का, सोय चालू आहे का, असे तीन बिट, बाकी सीपीयू बघून घेतो. सीपीयूइन्फोत व्हीएनएमआय फ्लॅग दिसतो का बघा. वर्षातून एकदा टोचणाऱ्याला याने काडीचा फरक पडणार नाही, पण गेस्टच्या आत परफ चालवून सेकंदाला भरपूर एनएमआय घेणाऱ्याला प्रत्येक वेळची ती कसरत वाचते.

गेस्टच्या बाजूचं कर्नल पण यात पोळून निघालंय. एनएमआय हँडलरच्या आत पेज फॉल्ट झाला तर त्यातून परतताना पण आयरेटच होतो, आणि सीपीयूला वाटतं की एनएमआयच संपला, दार उघडलं, दुसरा आत, आणि पहिल्याचा स्टॅक त्याच्या पायाखाली. कर्नल डेव्हलपर स्टीव्हन रोस्टेडने लिनक्स ३.३ मध्ये, २०१२ साली, यावर उपाय केला, स्टॅकवर नोंद ठेवून नेस्टेड एनएमआय ओळखायचा. तरी २०१५ मध्ये त्यातच फट निघाली, सीव्हीई-२०१५-३२९०, साध्या यूजरला रूट व्हायला वाट. सांगायचा मुद्दा, गेस्टचं कर्नल फार जुनं असेल तर एनएमआयच्या भरवशावर राहण्याआधी अपडेट करा.

आता या प्रॉडक्टमधलं माझं लाडकं: टोचायला माणूस लागत नाही. क्यूईएमयूमध्ये आय६३००ईएसबी नावाचं वॉचडॉग डिव्हाइस आहे, गेस्टमधला डेमन त्याला ठरावीक वेळाने थोपटत राहतो, थोपटणं थांबलं की क्यूईएमयू ठरवलेली ॲक्शन घेतं. सगळे तिथे रीसेट लावतात. त्याऐवजी लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये वॉचडॉगच्या ओळीत ॲक्शन म्हणून इंजेक्ट-एनएमआय लिहा. रात्री तीनला व्हीएम अडकलं, वॉचडॉगने एनएमआय मारला, केडम्पने व्हीएमकोअर लिहिला, मशीन परत वर आलं, आणि सकाळी तुम्ही आलात तेव्हा पुरावा तयार. ऑन-कॉलवाल्याची झोपही मोडली नाही. पण गेस्टमध्ये पॅनिकचं सेटिंग राहून गेलं असेल तर एनएमआय येऊन जाईल आणि मशीन तसंच गोठलेलं राहील, म्हणजे रीसेटपेक्षा वाईट. त्यामुळे हे लावायचं ते टेस्ट करूनच, फ्लीटभर एकदम नाही.

काही जण म्हणतील की गेस्टच्या आतला एनएमआय वॉचडॉग आहेच की, हार्ड लॉकअप (इंटरप्ट बंद ठेवून अडकलेला सीपीयू) स्वतःच पकडतो. पकडतो, खऱ्या मशीनवर. केव्हीएम गेस्टमध्ये लिनक्स तो डिफॉल्टला बंदच ठेवतं, मुद्दाम, कारण होस्टवर गर्दी जास्त असली आणि व्हीसीपीयूला वेळेवर पाळीच मिळाली नाही तर गेस्टला उगाच वाटतं लॉकअप झाला. सॉफ्ट लॉकअपचे ते "सीपीयू स्टक फॉर ट्वेंटी टू सेकंड्स" वाले मेसेज गर्दीच्या होस्टवर बघितलेच असतील. हवाच असेल तर बूट लाइनवर एनएमआय-वॉचडॉग बरोबर १ आणि व्हीएमला पीएमयू द्यावा लागतो. लिनक्स ६.५ पासून शेजारचा सीपीयू लक्ष ठेवतो असा बडी डिटेक्टर पण आलाय, त्याला पीएमयू लागत नाही. गर्दीच्या होस्टवर मी यातलं काही लावणार नाही.

तुलना करायची तर पहिली घरातच होते, व्हर्श डम्प मेमरी-ओन्ली पर्यायासकट. त्याला गेस्टची काही तयारी लागत नाही, होस्टवरून सरळ मेमरी फाइलमध्ये, क्रॅश टूलने उघडते (कर्नलचा पत्ता दर बूटला बदलतो म्हणून व्हीएमकोअरइन्फो डिव्हाइस आधीच दिलेलं असलं तर सोपं जातं). तयारी नसलेलं व्हीएम आत्ता अडकलंय तर हेच वापरा, एनएमआयच्या नादी लागू नका. पण गेस्टची जेवढी मेमरी तेवढी जागा होस्टच्या डिस्कवर लागते, आणि दुसरं म्हणजे क्लायंटच्या मशीनची सगळी मेमरी, पासवर्ड-किल्ल्यांसकट, होस्टवाल्याच्या हातात. एनएमआयमध्ये डम्प गेस्टच्याच डिस्कवर पडतो, ज्याचा माल त्याच्याकडे. दुसऱ्यांची मशीनं सांभाळणाऱ्यांना हा फरक मोठा आहे.

बाहेरची मंडळी पटकन. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्समॅनेज डीबगव्हीएम आणि इंजेक्टएनएमआय, लॅपटॉपवर शिकायला एकदम झकास. झेन हायपरव्हायझरमध्ये (वरच्या एएमडी झेनशी संबंध नाही) एक्सएल ट्रिगर, डोमेन, एनएमआय, आणि वर व्हीसीपीयूचा नंबर पण देता येतो, हे केव्हीएमच्या कमांडमध्ये असतं तर मी अर्धा तारा परत दिला असता. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर जुना मार्ग म्हणजे होस्टच्या शेलमध्ये जाऊन व्हीएमडम्परने यादी काढायची, वर्ल्ड आयडी शोधायचा आणि एनएमआय पाठवायचा, चालतं, पण प्रॉडक्शन होस्टच्या शेलमध्ये शिरायला परवानगी मागण्यात जो वेळ जातो तेवढ्यात व्हीएम कोणीतरी रीसेट केलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये पॉवरशेलचं डीबग-व्हीएम आहे, पर्यायाचं नाव इंजेक्ट-नॉन-मास्केबल-इंटरप्ट असं लांबलचक, आणि ते खात्री करून विचारतं, फोर्स दिल्याशिवाय. हे विचारणं मला आवडलं, व्हर्शने पण विचारायला हवं, चुकून दुसऱ्या डोमेनचं नाव पडलं तर चालतं मशीन उडेल.

क्लाउडमध्ये अमेझॉनच्या ईसी२ ने २०१९ मध्ये सेंड-डायग्नॉस्टिक-इंटरप्ट आणलं, नायट्रोवरच्या (त्यांच्या हायपरव्हायझर व्यवस्थेवरच्या) इन्स्टन्ससाठी, आणि त्याला आयएएममध्ये (परवानग्या देणाऱ्या सेवेत) वेगळी परवानगी आहे, म्हणजे स्टॉप-स्टार्टचा हक्क असलेल्या प्रत्येकाला हे मिळत नाही, छान डिझाइन. अझूरमध्ये सिरियल कन्सोलच्या मेनूतच एनएमआय पाठवायचा पर्याय आहे, कमांड आठवायची गरज नाही. ओपनस्टॅकमध्ये सर्व्हर डम्प क्रिएट, २०१६ च्या मिताका रिलीजपासून. आणि मग उरलेले स्वस्तातले होस्टिंगवाले. एकाकडे, नाव नको, पॅनेलवर फक्त स्टार्ट, स्टॉप, रीसेट, आणि तिकीट टाकून एनएमआय मागितला तर उत्तर आलं की सर आम्ही तुमच्यासाठी रिबूट करून दिलंय. पायाला तेच केव्हीएम, कमांड त्यांच्याच होस्टवर पडलेली. व्हीपीएस (भाड्याचं व्हीएम) घेण्याआधी हा प्रश्न विचारायची मी आता सवय लावून घेतलीये.

एक्स८६ सोडून जाणाऱ्यांसाठी: हीच कमांड आयबीएमच्या एस३९० मेनफ्रेमवर रीस्टार्ट इंटरप्ट देते आणि पॉवर प्रोसेसरवर सिस्टम रीसेट इंटरप्ट, दोन्हीकडे डम्प मिळवायचं काम होतं. एआरएमचं वेगळं आहे, त्या आर्किटेक्चरमध्ये एक्स८६ सारखा एनएमआय मुळात नव्हताच, लिनक्सने जीआयसीव्ही३ च्या (एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरच्या) प्रायॉरिटी वापरून स्यूडो-एनएमआय बनवला, खरा एनएमआय आर्मव्ही८.८ मध्ये फीचर म्हणून आला. त्यामुळे एक्स८६ ची रेसिपी एआरएम गेस्टवर तशीच चालेल असं धरून जाऊ नका, आधी मारून बघा.

आणि एन्क्रिप्टेड मेमरीवाले गेस्ट, एएमडीचं एसईव्ही किंवा इंटेलचं टीडीएक्स, तिथे तर होस्टवरून घेतलेला डम्प म्हणजे नुसता गाळ, मेमरीच कुलूपबंद. तिथे आतून डम्प घ्यायला लावणारा एनएमआय हाच काय तो मार्ग उरतो. एसईव्हीच्याच एसईव्ही-ईएस प्रकारात गेस्टचे रजिस्टर पण एन्क्रिप्टेड, त्यामुळे होस्टला आयरेट पकडून पाऊल-पाऊल चालवायची ती जुनी कसरत जमतच नाही, म्हणून गेस्ट स्वतःहून कळवतो की माझा एनएमआय झाला, पुढचा पाठवा. टीडीएक्समध्ये एनएमआय बाकी असल्याची नोंद टीडीएक्स मॉड्यूलकडे टाकायची, दार उघडं की बंद ते होस्टने बघायचं नाही. असे गेस्ट वापरत असाल तर तुमच्या कर्नलवर आतला केडम्प खरंच उठतो का ते एकदा तपासा, तो उठत नसेल तर टोचून काही हाती लागणार नाही.